च नं सुरू होणारे शब्द

अक्का, तुझ्या खेळात मी चोरी केली होती हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तूच सांगत सुटायचीस. आल्यागेल्या पाहुण्यापुढं, "आमचा सुन्या पन्नाशीला आला, अजून रडीचा डाव खेळतोय," म्हणायचीस आणि पदर तोंडाला लावून हसायचीस. त्या चोरीनंतर मी काय केलं, ते मात्र परवापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती.

तुला जाऊन महिना व्हायला आला. मागचे तीनही रविवार मी सवयीनं लवकर आंघोळ उरकून स्टँडवर गेलो. पहिल्या रविवारी तर भडंगाचा पुडाही घेतला, जास्त लसूण घातलेला, तुझ्या आवडीचा. हुपरीची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं माझ्याकडं बघून विचारलं, "पावणं, येणार काय?" मी नुसती मान हलवली. घर तिथंच आहे, दाजी तिथंच आहेत, पण हुपरीला जाऊन मी करणार काय? गाडी गेल्यावर बाकावर बसून अर्धा पुडा एकट्यानं खाल्ला आणि चालत घरी आलो. माझं लग्नाचं राहूनच गेलं, याचं वाईट तुला माझ्यापेक्षा जास्त वाटायचं. मला ते कधी फारसं जाणवलं नाही, खरं सांगतो. सहा दिवस ऑफिस होतं आणि सातव्या दिवशी तू होतीस. आता सातव्या दिवसाचं काय करायचं ते मला माहीत नाही.

तुझा तो खेळ कसा सुरू झाला ते आठवतं? तुझी लेक पिंकी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप तुझ्याकडं राहिला. एक कळ निघालेली, झाकण उघडलं की कुरकुरणारा. तू सकाळचं आवरून, चांदीची घुंगरं पैंजणाच्या साखळीला जोडायचं तुझं रोजचं काम उरकून दुपारी त्याच्यासमोर बसायला लागलीस. मला वाटलं, भजनं ऐकत असशील. एका रविवारी बघतो तर वहीत सुबक अक्षरात 'पायथन', प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचं नाव, लिहिलेलं आणि खाली दोन रेघा मारलेल्या. दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या हिनं अजगर पाळलाय घरात."

मग तुझे फोन. "सुन्या, फंक्शन म्हंजे काय रं?" "सुन्या, ही ओळ थोडी आत का सरकवायची?" मी ऑफिसात कॉम्प्युटर बघतो म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढतो आणि पासवर्ड विसरलेल्यांना नवा देतो. पायथन मला तुझ्याइतकंच येत होतं, म्हणजे येत नव्हतं. पण आपल्या घरात मी 'कॉम्प्युटरमधला'. तू विचारलंस की मी घसा खाकरून काहीतरी ठोकून द्यायचो आणि फोन ठेवल्यावर ते बरोबर होतं का ते शोधत बसायचो. पुढचं सगळं ह्या घसा खाकरण्यातूनच झालं, अक्का.

त्या भाषेत तू केलेला खेळ साधाच होता. कागलकडचं आपलं घर तू चौकोनांनी काढलं होतंस. सोपा, स्वयंपाकघर, मागचं परडं. दुपारची वेळ, आई सोप्यात झोपलेली. दोन वेण्यांची मंगी, म्हणजे तू, घरभर सांडलेली घुंगरं गोळा करत परड्यातनं बाहेर पडायची. भरभर चालवलं की पैंजण वाजायचे आणि आई कूस बदलायची. तिसऱ्यांदा वाजले की ती उठायची. आणि तेव्हा जो आवाज यायचा तो तू स्वतः मोबाइलवर बोलून घातलेला, आईची हुबेहूब नक्कल. "मंगेऽ, कुठं निगालीस गं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून मागं बघितलं होतं. आई जाऊन इतकी वर्षं झालेली आणि हुपरीतल्या त्या खोलीत तिनं कूस बदलली.

प्रत्येक खोलीतल्या भिंतीवर कोळशानं लिहायची सोय केली होतीस, हे मला खेळापेक्षा जास्त आवडलं होतं. मंगीला भिंतीपाशी नेऊन उभं करायचं आणि मनात येईल ते लिहायचं. लिहिलेलं राहायचं. तू रोज दुपारी आईबद्दल लिहायला लागलीस. ती भाकरी थापताना कुठलं गाणं अर्धंच म्हणायची. कोंबड्यांना तिनं कुणाकुणाची नावं ठेवली होती आणि त्यावरून शेजारणीशी कसं वाजलं होतं. तिच्या शिव्या तर यादी करून लिहिल्या होत्यास, सौम्य आधी आणि जहाल शेवटी. दीड वर्षात तिन्ही भिंती भरत आल्या. आईचा आपल्याकडं एकच फोटो, तोही लग्नातल्या घोळक्यातला, निम्मं तोंड दुसऱ्या कुणाच्या खांद्याआड. बाकीची आई त्या भिंतींवर होती.

आणि मी चोरी केली. खेळ बंद करताना सगळं 'जतन' नावाच्या फाइलीत उतरायचं. तू चहा टाकायला उठलीस तशी मी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत सरळ लिहिलेलं होतं, घुंगरू १२. मी ९९९ केलं. तू परत येऊन बघतेस तर मंगीच्या पायात नऊशे नव्याण्णव घुंगरं. "आगं बया!" म्हणालीस. "एवढी घुंगरं घालून पोरगी चालंल कशी? पाय मोडंल की!" मग माझा कान धरलास. चाळिशी लावणाऱ्या माणसाचा कान.

त्याच संध्याकाळी तू ठरवलंस की फाइलीला कुलूप पाहिजे. शब्द असे बदलून ठेवायचे की उघडणाऱ्याला कळू नयेत, आणि खेळाला मात्र परत वाचता यावेत. दोन फंक्शनं लिहायला घेतलीस, एकाचं नाव कुलूप, दुसऱ्याचं किल्ली. मी म्हणालो, "नावं इंग्रजीत द्यावी लागतात, अक्का." तू म्हणालीस, "लिवून बघितलं. चालतंय की." आणि चालत होतं. इथंही मी घसा खाकरला असणार.

आधी तू शब्द उलटे करून ठेवले. घुंगरू उलटं केलंस आणि पडद्यावर काय आलं, तर सगळ्यात पुढं एक दीर्घ उकार, अक्षर सुटलेला, ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाला लटकलेला. बाकी गणित बरोबर होतं, उलटं परत उलटं केलं की घुंगरू जसंच्या तसं मिळत होतं. पण तुला ते बघवेना. "न्हाय रं," म्हणालीस. "त्येचा उकार बघ कसा उघड्यावर पडलाय." आणि पुसून टाकलंस.

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा तू दारातच म्हणालीस, "चुन्यास, चालासअ चायक?"

मी उंबऱ्यावरच थांबलो. चची भाषा! सुन्या, आलास काय? किती वर्षांनी ऐकत होतो. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथं च लावायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी जोडायचं. मला म्हणजे चलाम, झोपली म्हणजे चोपलीझ. लहानपणी आईला कळू नये म्हणून आपण अख्खी दुपार असं बोलायचो, इतक्या वेगात की आई म्हणायची, "ह्या पोरांच्या तोंडात काय चकली अडाकलीय काय?" आणि तू तेच फंक्शनात घातलं होतंस. एका ओळीत बसलं, आणि काना-मात्रा जागच्या जागी राहिली, उकारसुद्धा. घुंगरूचं चुंगरूघ झालं. तू पडद्याकडं बोट दाखवून अशी हसत होतीस की दाजी आतून बघायला आले.

मी खुर्चीत बसलो, फाइल उघडली, 'च२१' दिसलं. त्याचं 'च९९९' केलं. अर्धा मिनिटसुद्धा लागलं नाही. "अक्का," मी म्हणालो, "अगं, माझ्यापासून लपवायचं म्हणून कुलूप केलंस आणि जगात ज्या एकाच माणसाला ही भाषा येते त्याच्याच भाषेत केलंस?"

"मग?" म्हणालीस.

ह्या 'मग'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी तुझ्या चुका काढत बसलो. म्हणालो, दुसरं म्हणजे, च नं सुरू होणारा शब्द ह्यात लपतच नाही. चहा लिहिलं तर चहाच होतं. "चिंचा आठवतात ना?"

तुला आठवत नव्हतं असं होईल का? आई सोप्यात झोपलेली. मी तुझ्या कानाशी न जाता मोठ्यानं म्हणालो, "चाईअ चोपलीझ. चिंचाच चायलाख चाऊयाज." आई झोपली, खायला जाऊया, एवढं सगळं नीट झाकलं गेलं, पण चिंचांचं चिंचाच झालं. डोळे मिटल्या मिटल्या आई म्हणाली, "चिंचाच खायच्यात व्हय? आन् खोकला कोण काढणार, मी?" तू मला त्या दुपारी परड्यात दोन धपाटे घातलेस. त्या भाषेत च चा शब्द झाकायला गेलं की तो आणखी ठासून बाहेर येतो, हे आपल्याला तेव्हा कळलं. पुढं आपण चिंचांना 'ते आंबट' म्हणायला लागलो.

"म्हणून म्हणतो, हे दुरुस्त कर," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे की," तू म्हणालीस. "तेवढं दिसू दे."

तिथून आपला वाद सुरू झाला. कितीतरी रविवार चालला आणि अजून मिटलेला नाही. मी म्हणायचो, कुलूप म्हणजे कुणालाच उघडता येऊ नये असं पाहिजे. तू म्हणायचीस, "कुणालाच उगडता येत न्हाय त्येला कुलूप म्हणत न्हाईत सुन्या, भिंत म्हणत्यात. कुलूप घरच्या माणसाला उगडाय पायजे." मी हट्टाला पेटलो. ऑफिसात दोन दिवस मान मोडून वाचलं. खऱ्या कुलपासाठी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, मिळते. ती एक लांबलचक किल्ली बनवते आणि त्या किल्लीवाचून फाइल जगातल्या कुठल्याही यंत्राला उघडत नाही. मला ते वाचूनच मोठं झाल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी तू शेजारी बारशाला गेलीस, आणि मी तुला न विचारता तुझी ओळ काढून माझी घातली. जुनी जतन फाइल नव्या कुलपात टाकली. बंद केली, उघडली, उघडली गेली. छान. मग जुनी फाइल पसारा नको म्हणून पुसून टाकली. तू आल्यावर फाइल उघडून दाखवली, आत नुसती अगम्य अक्षरांची रांग. "आता बघू कोण चोरी करतंय," मी म्हणालो. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "ह्यात आई कुठाय?"

सोमवारी दुपारी तुझा फोन आला. खेळ उघडत नव्हता. तुझा आवाज साधा होता, मीच घाबरलो. मंगळवार ते शनिवार मी ती ओळ डोक्यात फिरवली आणि रविवारी गाडीतून उतरायच्या आत माझं मला कळलं होतं. किल्ली बनवायची ओळ मी खेळाच्या सुरुवातीला घातली होती. खेळ सुरू केला की दर वेळी नवी किल्ली बनायची आणि जुनीच्या जागी जाऊन बसायची. माझ्या तपासणीत खेळ एकदाही बंद केलेला नव्हता, म्हणून किल्ली तीच राहिली आणि सगळं उघडलं. तू सोमवारी नव्यानं खेळ सुरू केलास, तिथंच आधीची किल्ली गेली. भिंती आत होत्या. आई आत होती. आणि माझी लायब्ररी इतकी चांगली होती की आता ते कुणालाच उघडणार नव्हतं.

हे मला लॅपटॉपसमोर बसून तुला सांगता आलं असतं. चार वाक्यांचं काम होतं. तू माझ्या खांद्यामागं उभी होतीस, हाताला साबणाचा वास येत होता. मी खेळाच्या ओळी उघडल्याच नाहीत, घसा खाकरला आणि म्हणालो, "अक्का, किल्लीची फाइल जाग्यावर दिसत नाही. तुझ्याच हातनं काहीतरी दाबलं गेलं असणार."

तू म्हणालीस, "असंल." आणि थोड्या वेळानं, "परत लिवीन की. कुठं जातंय?"

एवढंच. मी त्या दिवशी तुझ्या घरी अर्ध्या ताटावरून उठलो आणि तू मात्र "आज मटण झालं न्हाय व्हय चांगलं?" म्हणून विचारत राहिलीस.

पुढं महिन्याभरानं बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, जेवणाला सगळे जमलो होतो. दाजींनी सहज विषय काढला. "पावणं, तुम्ही एवढं कॉम्प्युटरमधलं, आन् हिचं एवढं लिवलेलं सगळं गेलं म्हणं?" मी पुरणपोळीवर तूप घेत होतो.  तू तव्याकडनं मान न वळवता म्हणालीस, "त्येचा काय संबंध? माझ्या हातनं गेलं. मला काय कळतंय त्यातलं." दाजी हसले. मी तूप वाढून घेतलं. अक्का, मी खरंच तूप वाढून घेतलं आणि पोळी खाल्ली.

तुझ्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी तीन दुपारी तुझ्याजवळ एकटा होतो. रोज खरं सांगायचं ठरवून यायचो. रोज तू काहीतरी दुसरंच विचारायचीस, रंकाळ्यावर भेळेची गाडी लागते का अजून, असलं. मीही त्यालाच धरून बोलत राहायचो, आणि मनातून बरं वाटायचं की वेळ गेला. तिसऱ्या दुपारी तू डोळे उघडलेस. नर्स सलाईन बघत होती. तू तिच्यादेखत म्हणालीस, "चरीघ चाऊयाज." नर्सनं मला विचारलं, "काय म्हणत्यात? कानडी हाय काय?" मी म्हणालो, "घरी जाऊया म्हणतीय." तुला उत्तर द्यायला हवं होतं ते मी नर्सला दिलं. तेवढ्यात दाजी डबा घेऊन आले, आणि मी उठून त्यांना जागा दिली.

रक्षाविसर्जनाला नैवेद्य ठेवला आणि पानाला हात लावून माणसं मागं सरकतात न सरकतात तोच कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "काय मागं ठेवून गेली न्हाय बगा," कुणीतरी म्हणालं. मी मात्र खाली बघत होतो. मला वाटत होतं, थांबेल. निदान माझ्यासाठी थोडा वेळ थांबेल, लोक चुळबुळतील, कुणीतरी विचारील की कुणाला काय बोलायचं राहिलंय का, आणि मला पुढं व्हावं लागेल. तू तेवढीही अडवणूक केली नाहीस.

परवा दाजींचा फोन आला. "पावणं, तिचं ते यंत्र तसंच पडलंय. पिंकी म्हणतीय, मामाला द्या. या की एकदा." गेलो. दाजींनी कोरा चहा केला, साखर विसरले, आणि मीही बोललो नाही. लॅपटॉप तुझ्या जागी होता, वर रुमाल झाकलेला. झाकण कुरकुरलं.

आधी मी खेळ नाही उघडला, खेळाची फाइल उघडली, तुझ्या ओळी असलेली. वर सरकत गेलो आणि माझी ओळ सापडली. तू ती पुसली नव्हतीस. तिच्यापुढं एक खूण केली होतीस, जी केली की यंत्र ती ओळ वाचत नाही, पण ओळ जागेवर राहते. तिला नुसतं गप्प केलं होतंस. शेजारी लिहिलं होतं, "दर वेळी नवी किल्ली बनते, म्हणून जुनं उघडत न्हाय." आणि खाली तुझी चची ओळ परत चालू केलेली. फाइलीवर शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ असते. ती फाइल त्याच आठवड्यातल्या मंगळवारची होती. मी रविवारी येऊन "तुझ्या हातनं दाबलं गेलं" म्हणालो, त्याच्या पाच दिवस आधीची.

म्हणजे मी घसा खाकरला तेव्हा तुला माहीत होतं. 'असंल' म्हणालीस तेव्हा माहीत होतं. बेंदराला तव्याकडं तोंड करून बोललीस तेव्हाही. वहीत रेघा मारून शिकणारी बाई तू, तुला एक ओळ वाचता येणार नाही असं मी कसं धरून चाललो? तू मला पकडलं होतंस आणि कान धरला नाहीस. मला तो धरलेला हवा होता, अक्का. भांडायचं तरी होतंस. आता मी कुणाशी भांडू?

मग खेळ उघडला. भिंती जवळजवळ कोऱ्या होत्या. तू परत लिहायला घेतलं होतंस, पण स्वयंपाकघरात तीनच ओळी झाल्या होत्या. तिसरी ओळ कोंबड्यांची होती आणि पहिल्या नावावरच थांबली होती. पुढची नावं मला आठवतात का ते बघितलं. दोन आठवली. चौथी कोंबडी कोण होती ते आता कुणालाच विचारता येत नाही.

मी मंगीला मुद्दाम पळवलं. सोप्यातून भरभर, एकदा, दोनदा, तीनदा. पैंजण वाजले. "मंगेऽ, कुठं निगालीस गं?" दाजी पलीकडं पेपर वाचत होते, ते थांबले. मी परत पळवलं. परत तो आवाज. आईचा म्हणून घातलेला, पण आता तो तुझाच होता. चार वेळा ऐकला. 

पाचव्यांदा मी हळू चाललो. मंगीला परड्यात नेलं, मागच्या भिंतीपाशी उभं केलं. ही भिंत पूर्ण रिकामी होती. मी लिहिलं, "माझं चुकलं." इथंही माझा भित्रेपणा बघ. मनात म्हटलं, भिंतीवर लिहायचं, जतन करायचं आणि लगेच खेळ बंद करायचा. फाइलीत ते चच्या भाषेत पडून राहील, आणि ती भाषा वाचणारा आता मी एकटा आहे. दाजींनी, पिंकीनं कधी उघडलीच तर त्यांना अक्षरांचा गोंधळ दिसेल. म्हणजे बोललो असंही होईल आणि कुणाला कळणारही नाही. तुझ्याच कुलपाआड लपायला निघालो होतो.

खेळ बंद केला आणि सवयीनं 'जतन' उघडून बघितलं. शेवटच्या ओळीत दोन शब्द होते. पहिला बरोबर झाकला होता, चाझंम. दुसऱ्याकडं मी बघतच राहिलो.

दाजी चहाची कपबशी उचलायला म्हणून आले होते. चष्मा कपाळावर, तो त्यांनी खाली ओढला आणि माझ्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर लावत वाचायला लागले. "चा... झं... म. ह्ये काय कळंना झालंय." मग बोट पुढं सरकलं. "चुकलंच." हे मात्र त्यांनी एका दमात वाचलं.

"कुणाचं चुकलं, पावणं?"

घसा खाकरायला झालं. नाही खाकरला.

"माझं, दाजी," मी म्हणालो. "बसा जरा. सांगतो."